रिकाम्या जागेत शून्यं

राग माझ्या नाकावर असतो. शाळेत मी कंपासपेटी मारून एका मुलीचा ओठ फोडला होता, आणि बाईंनी माफी मागायला लावली तेव्हा माफी मागता मागता तिला चिमटाही काढला होता. तेव्हा पुढचं सगळं कुणा शांत, सोशिक बाईनं लिहिलंय असा समज कुणी करून घेऊ नये. सोशिक माझी ताई होती. तिचा नवरा तिला मारायचा, आणि मी त्याच नवऱ्याकडे नोकरी करायचे.

तोंडावर मी त्याला भावोजी म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही. इतक्या वर्षांनी कागदावर तरी त्याला एकेरीत आणायचं सुख मला मिळू दे.

केबिन रोडवर, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. बाबा गेल्यावर गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो, ताई लग्न होऊन पश्चिमेला गेली, आणि माझा डिप्लोमा पुरा झाल्यावर त्यानं मला क्लासवर ठेवून घेतलं. आई याला उपकार म्हणायची. ताईच्या अंगावरच्या वळांचा विषय निघाला की तिचं पालुपद ठरलेलं, बाई गं, तुम्ही दोघी त्याच्याकडे आहात, जरा दमानं घ्या. मी शिकवायचे, मशीन दुरुस्त करायचे, परीक्षेच्या अर्जांसाठी मुलांचे फोटो काढायचे. तो खुर्चीत बसून ओरडायचा.

त्याचा हात कशावरही उठायचा. प्रिंटरनं कागद खाल्ला की प्रिंटरवर बुक्की, मुलगा चुकला की पाठीत धपाटा. एका मशीनचा पंखा घरघरतो म्हणून त्यानं चालू मशीनला लाथ घातली आणि हार्ड डिस्क गेली. वर्षभरात अशा चार गेल्या. लाइव्ह सीडीची कल्पना निघाली ती या लाथांमधून, हे त्याच्या विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही. त्यांना त्यानं सांगितलं होतं की आपण जगाच्या बरोबरीनं चाललोय.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. लाइव्ह सीडी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनमध्ये ही सीडी घालायची आणि मशीन चालू करायचं. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी यंत्रणा, थेट सीडीवरून सुरू होतं, हार्ड डिस्क असली काय, नसली काय. आपण जे नवीन लिहू ते मशीनच्या मेमरीत राहतं. सीडीवर सगळं लिनक्स एका मोठ्या फाइलमध्ये असतं, तिला इमेज म्हणतात. इमेजच्या आत फाइली ठेवायची मांडणी असते, म्हणजे फाइलसिस्टिम, आणि हे सगळं दाबून दाबून सातशे एमबीच्या सीडीत बसवलेलं असतं.

अडचण अशी, की सीडीत मावावी म्हणून ती आतली मांडणी सामानाच्या मापाचीच कापलेली असायची. मुलानं एखादा फॉन्ट टाकला, दोन पत्रं लिहिली, की मशीन म्हणायचं जागा संपली. मेमरी मोकळी पडलेली, पण आपल्याला वाढता येतं हे मांडणीलाच ठाऊक नाही. त्याला हवं होतं असं, की आतली जागा वाढावी आणि सीडी मात्र तेवढीच राहावी. सिंपल आहे, असं तो म्हणायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोर्स संपलेल्या प्रत्येक मुलाला समारंभात ही सीडी द्यायची, वर क्लासचं नाव आणि त्याचा स्वतःचा फोटो, असं त्यानं ठरवून टाकलं आणि समारंभाचा रविवार धरून बॅनरही छापला.

तसं करता येतं. कसं करता येतं ते मला सापडलं तेव्हा मी क्लासमध्ये एकटीच असताना टाळी वाजवली होती. आतली मांडणी कागदोपत्री चार जीबीची करायची. सामान होतं तेवढंच, उरलेली जागा कोरी. कोरी जागा म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसती शून्यं, आणि दाबणारा प्रोग्राम ओळीनं शून्यं दिसली की ती लिहीत बसत नाही, इथून तिथपर्यंत शून्यं एवढीच नोंद करतो. म्हणजे आत चार जीबीचा संसार मांडा, सीडीवर त्या कोरेपणाला जागाच लागत नाही. हे वाचायला जेवढं सोपं वाटतं तेवढं ते खरंच सोपं आहे. तरीही माझी इमेज काही मावेना. सीडीच्या बाहेर ती साठ-सत्तर एमबी ओसंडायची, आणि का, ते कळायला मला तीन आठवडे लागले.

त्याच तीन आठवड्यांत ताई घर सोडायची तयारी करत होती.

भाईंदर पश्चिमेला एका महिला मंडळाच्या खोलीत दर बुधवारी एक वकीलबाई बसायच्या. ताई भाजीची पिशवी घेऊन गेली आणि त्यांच्यासमोर बसून आली. बाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट होत्या. त्यांनी विचारलं की डॉक्टरचा कागद आहे का. नव्हता. ताईचे नेहमीचे डॉक्टर तिच्या नवऱ्याचे मित्र होते, प्रत्येक वेळी बाथरूममध्ये पाय घसरला असं लिहायचे. बाई म्हणाल्या, मग फोटो तरी आणा. वळ चार दिवसांत जातात आणि मागे उरतो फक्त तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. तुम्ही कमवत नाही, घर त्याचं, तो मुलीचा बाप. हातात काही नसताना बाहेर पडलात तर मुलगी त्याच्याकडे राहायची भीती आहे.

मुलगी सात वर्षांची होती. बाप घरात आला की ती कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. ताईला नवऱ्याची भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्या फटीत बसलेली मुलगी आपल्याशिवाय त्या घरात राहील, या विचारानं ती पांढरीफटक पडायची. मुलीची परीक्षा संपेपर्यंत थांबायचं आणि फोटो घेऊन बाहेर पडायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

एका रविवारी तो चेण्याला मित्राच्या शेतावर मटण खायला गेला तेव्हा ताई मुलीला घेऊन क्लासवर आली. मुलीला बाहेरच्या मशीनवर चित्रं रंगवायला बसवलं. आत, प्लायवूडच्या आडोशामागे, जिथे मी मुलांचे अर्जाचे फोटो काढायचे, त्याच निळ्या पडद्यासमोर ताईनं ब्लाउज काढला. पाठीवर टीव्हीच्या केबलचे वळ होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले, एकावर एक. गळ्याच्या एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. दंडावर दातांची खूण होती, ती तिनं मला तोवर कधी दाखवली नव्हती. मी अकरा फोटो काढले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती मात्र शाळेच्या फोटोसाठी उभी राहावी तशी सरळ उभी होती. एकदाच म्हणाली की पंखा बंद कर, थंडी वाजतेय.

कॅमेरा क्लासचा, त्याचं कार्ड रोज रिकामं करावं लागायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता. माझा ई-मेल त्यानंच उघडून दिलेला, पासवर्ड त्याला पाठ. एखाद्या सायबर कॅफेत जाऊन नवा ई-मेल उघडावा, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण मी स्वतःला फार हुशार समजत होते. एक प्रत मी पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुसरी लपवली त्या इमेजच्या आत. प्रत्येक प्रोग्रामबरोबर माहितीपत्रकं येतात, कुणी जन्मात उघडत नाही. त्या माहितीपत्रकांच्या ढिगात, एका फॉन्टच्या फोल्डरमध्ये, नावं बदलून मी ताईची पाठ ठेवून दिली. तो सगळ्या मशीनमधल्या सगळ्या फाइली उघडून बघायचा, पण इमेजच्या आत कसं शिरायचं हे त्याला येत नव्हतं. शेवटची सीडी करण्याआधी फोटो बाहेर काढायचे, असं मी मनाशी म्हणून ठेवलं होतं.

चारच दिवसांनी त्यानं माझी पर्स क्लासच्या टेबलावर उपडी केली. कंगवा, पास, रुमाल, पेन ड्राइव्ह. त्याला कुणी काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही. बहुधा कुणीच नाही, तो आठवड्यातून एकदा माझी पर्स बघायचाच. पेन ड्राइव्ह मशीनला लावून त्यानं अकराही फोटो एकेक करून पाहिले, शांतपणे, जसं काही कुणाचे लग्नाचे फोटो बघतोय. मग मुलांना सुट्टी दिली, दार लावलं, माझं मनगट धरून मागे पिरगाळलं आणि मला गुडघ्यांवर बसवलं. पेन ड्राइव्ह माझ्यासमोर फरशीवर ठेवून यूपीएसची जुनी बॅटरी त्यावर तीनदा आपटली. तिसऱ्या वेळी बॅटरी माझ्या करंगळीवर आली. ते बोट आजही पूर्ण वळत नाही. तो म्हणाला, "सीडी होईपर्यंत तू इथे. नंतर तुझं बघतो."

ताईलाही त्या दिवशी शिक्षा झाली, पण निराळ्या पद्धतीनं. तो शिकला होता. पिळलेल्या ओल्या टॉवेलनं मारायचा, डोकं उशीत दाबायचा. वळ उठत नव्हते. फोटो काढायला आता काही उरलंच नव्हतं, आणि इमेजच्या पोटातले ते अकरा फोटो ही आमच्याकडची एकमेव गोष्ट होती. ते मी ताईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त मान डोलावली आणि विचारलं की तिथे सुरक्षित आहेत ना. मी म्हटलं, तिथे देवही पोचणार नाही.

समारंभाच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार होता. सकाळपासून तो माझ्यामागे उभा. इमेज अजून ओसंडतच होती. बॅनर झालाय, पाहुण्यांना सांगून झालंय, आणि तुझ्याच्यानं एक सीडी होत नाही, असं सुरू झालं आणि मग ते माझ्या बापावर गेलं. बाबांवर गेलं तेव्हा मी कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. कडा भुवईवर बसली. बटणं उडून फरशीभर झाली आणि रक्त त्याच्या पापणीवरून खाली आलं. मला बरं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहून ठेवते, मारताना मला फार बरं वाटलं, आणि दुसऱ्यांदा मारायला मी हात उचललाही होता.

त्यानं मला उलटून मारलं नाही. रुमाल भुवईला लावला, खुर्चीत बसला आणि हसला. "संध्याकाळपर्यंत सीडी हातात पाहिजे. नाहीतर याचा हिशोब आज घरी कोण देईल, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. दुपारचे बारा वाजले होते. मी दुसरा कीबोर्ड लावला आणि बसले. डोकं कधी नव्हे एवढं चाललं, रागात माझं तसं होतं. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका जुन्या पत्रव्यवहारात मला पाहिजे ती ओळ तासाभरात सापडली. कुणीतरी आपल्यासारख्यालाच उत्तर दिलं होतं. फाइल पुसली की कॉम्प्युटर यादीतलं तिचं नाव तेवढं काढतो, मजकूर जागच्या जागी पडून राहतो. आपल्याला वाटतं जागा मोकळी झाली, पण दाबणाऱ्या प्रोग्रामला तिथे शून्यं दिसत नाहीत, जुना मजकूर दिसतो, आणि तो मजकूर तो इमानदारीत सीडीत भरतो. महिनाभर मी त्या इमेजमध्ये सामान टाकत होते आणि काढत होते. ती फुगली होती माझ्या पुसलेल्या गोष्टींनी.

उपायही तिथेच लिहिला होता. इमेजच्या आत शून्यांची एक फाइल सुरू करायची आणि जागा संपेपर्यंत तिला वाढू द्यायची. मोकळ्या जागेचा कोपरा न् कोपरा ती खाते, मागे पडलेलं सगळं तिच्याखाली गाडलं जातं. जागा संपली अशी तक्रार आली की ती फाइल पुसायची. उरतात नुसती शून्यं. पण त्याआधी जेवढं फालतू सामान काढता येईल तेवढं काढा, असा सल्ला होता, आणि जे असली कामं करतात ते सगळे पहिल्यांदा एकच गोष्ट काढतात. जगातल्या भाषांचे ढीग आणि माहितीपत्रकं. मीही दहा वेळा केलं असेल, दुसऱ्या इमेजमध्ये. बोटांना सवय होती. ताई संध्याकाळी दार उघडेल आणि तो भुवईवर पट्टी लावून आत शिरेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी माहितीपत्रकांचं अख्खं फोल्डर एका ओळीत उडवलं, शून्यांची फाइल सुरू केली आणि चहा मागवला.

चार वाजता सीडी झाली. सातशे एमबीच्या आत, वर थोडी जागाही शिल्लक. हार्ड डिस्क नसलेल्या मशीनमध्ये ती घातली, मराठी मेनू उघडला, आणि मोकळी जागा बघितली तर तीन जीबीच्या वर. मी एक फॉन्ट टाकला, पाच टाकले, दहा टाकले. तक्रार नाही. सकाळी मी त्या माणसाचं डोकं फोडलं होतं आणि आता त्याच माणसाला मी ओरडून म्हणाले, भावोजी, झालं, बघा. तोही खूश झाला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप आवडली, तेही लिहून ठेवते.

जिना उतरून मी केबिन रोडवर आले. भांडीवाल्याकडे एक बाई स्टीलचे डबे उघडून आत काही आहे का बघत होती. रिकाम्या डब्यात काय बघतेय ही, असा विचार आला, आणि माझे पाय जागेवर थांबले.

मी वर धावले. तो सीडी घेऊन छपाईवाल्याकडे गेला होता. मी इमेज उघडली, फोल्डर नव्हतं. पुसलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम लावला, तो पंधरा मिनिटं फिरला आणि काही नाही म्हणाला. मग मी इमेजचा कच्चा मजकूरच पडद्यावर उघडून खाली खाली जात राहिले. शून्य, शून्य, शून्य. पानामागून पान. मी ते काम चोख केलं होतं. जुन्या चाचणीच्या सीड्या ड्रॉवरमधून काढून एकेक लावून पाहिल्या. सगळ्या त्या रविवारच्या आधीच्या निघाल्या, त्यानंतर इमेज मावतच नसल्यामुळे एकही सीडी झाली नव्हती. मी प्लायवूडच्या आडोशाला डोकं आपटलं, एकदा नाही, बरेचदा, शेवटी खालचा भांडीवाला क्या हुआ म्हणून ओरडला तेव्हा थांबले.

ताईला सांगायला मला चार दिवस लागले. मंगळवारी दुपारी ती आमच्याकडे आली, मुलगी शाळेत होती. त्या शुक्रवारी त्यानं तिला हात लावला नव्हता, पेढे आणले होते. मी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. फोल्डर, शून्यं, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "म्हणजे नाहीयेत आता."

"नाहीयेत."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मग परत काढू."

"काय परत काढू? ताई, एक तरी वळ आहे का तुझ्या अंगावर?"

"नाहीये," ती म्हणाली. "होईल."

आणि मग तिनं मला समजावून सांगितलं, एखादी भाजी कशी करायची ते सांगावं तसं. हल्ली तो जपून मारतो. त्याचं भान सुटेल असं काहीतरी बोलावं लागणार. रविवारी समारंभ झाला की त्याचे मित्र घरी जेवायला येणार आहेत. त्यांच्यासमोर एवढंच म्हणायचं, की ती सीडी माझ्या बहिणीच्या डोक्यातून निघाली, यांना महिनाभर जमत नव्हती. बस. मित्र गेले की पुढचं आपोआप होईल.

मी तिला शिव्या दिल्या. मी म्हटलं मी पोलिसात जाते, मी त्याला मारून टाकते, आत्ता जाऊन मारते. ओट्यावरचं पातेलं मी भिंतीवर फेकलं, ते गडगडत जाऊन दाराशी थांबलं. तिथे आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि त्या दिवशी तिनं आम्हाला दमानं घ्या म्हटलं नाही. ताईनं पातेल्याचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ती म्हणाली, "तू रागावलीस की काय होतं, ते झालं ना आत्ताच. आता मला करू दे."

मी दाराशी जाऊन पातेलं उचललं आणि ओट्यावर ठेवलं. 

रविवारी समारंभ झाला. बॅनर लागला, नारळ फुटला. तीस दिवस झोपलो नाही, असं तो माइकवर म्हणाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढायला कॅमेरा माझ्या गळ्यात होता. एका मुलीनं येऊन विचारलं की मॅडम, यात जागा संपत नाही हे खरं का? मी म्हटलं, खरं आहे. दुपारी मी घरी येऊन दाराकडे तोंड करून बसले. जेवले नाही. कॅमेऱ्याची बॅटरी मी दोनदा चार्ज केली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. बुधवारी वकीलबाईंनी ते फोटो पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. मुलगी ताईकडेच राहिली, एक दिवससुद्धा त्याच्याकडे गेली नाही. रविवारीच ताईला नेलं त्या दुसऱ्या दवाखान्यात उत्तनची एक नर्स होती. डॉक्टरनं सवयीनं कसं पडलात म्हणून विचारलं तेव्हा तीच मध्ये बोलली, "पडलेली न्हाय ती, मारलेली हाय. तसाच लिवा डाक्टर." आणि त्यानं तसंच लिहिलं. एवढं सगळं आम्हाला मिळालं, आणि ज्या फोटोंमुळे मिळालं ते पहिल्या अकरांपेक्षा कितीतरी चांगले होते.

ते मी काढले त्या रविवारी, साडेचारच्या सुमाराला. ताईच्या खाली राहणाऱ्या गुजराती काकी तिला आणि मुलीला रिक्षातून घेऊन आल्या. मुलीच्या पायात चप्पल नव्हती. काकींनी ताईला आपल्या चादरीत गुंडाळलं होतं आणि त्या सारख्या म्हणत होत्या, "बेटा, पहले डॉक्टर, पहले डॉक्टर." आईनं मुलीला उचलून आतल्या खोलीत नेलं.

ताई म्हणाली, "आधी फोटो. धुतल्यावर दिसणार नाही." ती जरा मोठ्यानं बोलत होती. मी तिला खिडकीजवळ उभं केलं. तिचा एक डोळा मिटलेला होता, खालचा ओठ मधोमध फुटलेला, उजवा हात खांद्यातून भलत्याच कोनात लोंबत होता. मी म्हटलं, जरा डावीकडे वळ. ती वळली नाही. मी म्हटलं, ताई, वळ. मग मीच तिच्या हनुवटीला हात लावून तिला वळवलं. कानाच्या पाळीखाली रक्त होतं, ते मानेवरून ब्लाउजमध्ये उतरलं होतं. मी चौदा फोटो काढले. एकही फोटो हलला नाही.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा तिनं विचारलं, "नीट आले का?"

मी म्हटलं, आले.

"नीट आले का गं?"

मी म्हटलं, हो ताई, आले, सगळे आले.

तिसऱ्यांदा विचारताना ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी बोलायचं सोडून नुसती मान हलवली. त्यानं दोन्ही कानांवर मारलं होतं. उजवा महिन्याभरानं परत आला, डावा आला नाही.